मरून आणि मरीन

कामरेजच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या त्या कापड रंगवायच्या मिलमध्ये गायत्रीसारखी नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. व्यापारी साडीचा बोटभर तुकडा पाठवायचा, ‘अगदी हाच रंग पाहिजे’ म्हणायचा, आणि गायत्री तो तुकडा खिडकीशी धरून सांगायची, यात निळा किती, लाल किती, पिवळा नुसता नावाला किती. मग लॅबमधलं मशीन आकडे दाखवायचं. बहुतेक वेळा ते तिच्या अंदाजाच्या आसपासच निघायचे.

वय चोवीस. घर कोसाडच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. वडील पंडित याच मिलमध्ये स्टेंटरवर होते. रंगवलेलं ओलं कापड ताणून वाळवणारं ते लांबलचक मशीन, त्याच्या उष्णतेपुढे त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. आई मंगलाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, मिलमध्ये गुजराती. इंग्रजी गायत्रीला वाचता यायचं. पालिकेच्या मराठी शाळेतून ती सायन्स घेऊन बारावी झाली होती. पण इंग्रजी बोलायची वेळ आली की जीभ जड व्हायची.

तिचे साहेब होते अजिंक्य, प्रॉडक्शन मॅनेजर. तिशी नुकती ओलांडलेली, टेक्स्टाइलची डिग्री, वडील बँकेतून निवृत्त, अडाजणला फ्लॅट. तेही मराठीच, पण कामगारांशी हिंदीत बोलायचे. अहिराणी कानावर पडली की गालातल्या गालात हसायचे. गायत्रीशी मात्र मराठीत बोलत. रंगवून आलेल्या प्रत्येक लॉटचा पहिला तुकडा आधी तिच्याकडे पाठवत. “गायत्री, बघ गं जरा. बरोबर आहे ना?” ती मान हलवायची, मग ते सही करायचे. डिग्रीवाला माणूस आपल्याला विचारतो, याचं तिला फार अप्रूप होतं. घरी तिनं ते दोनतीनदा बोलूनही दाखवलं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळची वेळ, कापड रंगवणारी दोन्ही जेट मशीनं चालू, नुसता घणघणाट. अजिंक्य कानाला फोन लावून लॅबच्या दारात आले. पलीकडे भाईदास होते, रिंगरोडच्या मार्केटमधले जुने व्यापारी. कुठल्याशा संस्थेतल्या बायकांच्या गणवेशाच्या साड्यांसाठी कापड हवं होतं. अजिंक्यनी फोन ठेवला आणि दारातूनच ओरडले, “भाईदासचा लॉट लावून घे. मरून.”

“मरून ना सर?” गायत्रीनं विचारलं.

“मरून, मरून. आजच चढव.”

गायत्रीनं जॉब कार्डावर इंग्रजीत ‘मरून’ लिहिलं, रंगाचं प्रमाण काढलं आणि लॉट चढवला. चाळीस ताके. एकेक ताका म्हणजे शंभर मीटरच्या आसपास कापड. तुकडा निघाला तेव्हा गायत्री जेवायला गेली होती, म्हणून मशीनवाल्यानं तो सरळ अजिंक्यकडे नेला. डबा धुऊन परत येताना तिनं काचेतून पाहिलं, साहेब तुकडा खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. चांगले मिनिटभर. मग त्यांनी तो कार्डाला टाचला, सही केली, आणि कापड स्टेंटरकडे रवाना झालं.

तिसऱ्या दिवशी भाईदास स्वतः आले. पहिला ताका उलगडला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“आ शुं कर्युं? में तो मरीन कह्युं हतुं! मरीन! दरियाई निळा! हे काय, लग्नाचे शालू काढायचे आहेत का मला?”

आरडाओरडा ऐकून शेठ वरच्या ऑफिसातून खाली आले. शिफ्ट बदलायची वेळ होती. जाणारे आणि येणारे मिळून साठ-सत्तर माणसं फोल्डिंगच्या हॉलमध्ये गोळा झाली. गायत्रीनं अजिंक्यकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला होता. ते पांढरं पडणं तिनं स्पष्ट पाहिलं. नंतर कितीही दिवस गेले तरी त्याबद्दल तिला शंका आली नाही.

“मी मरीनच सांगितलं होतं,” अजिंक्य म्हणाले. “हिला विचारा. कार्ड हिनं लिहिलंय.”

“सर, तुम्ही मरून म्हणालात. मी परत विचारलं पण...”

“मी मरीन म्हणालो. तुला मरून ऐकू आलं. कारण तुला दोन शब्दांतला फरकच माहीत नाही.” ते आता सगळ्यांकडे वळून हिंदी-मराठीची सरमिसळ करत बोलायला लागले होते. “शेठ, इन लोगों का यही है. पालिकेची शाळा. इंग्रजी म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर लावायचं. ये इकडे. उभी राहा. म्हण, मरीन.”

ती उभी राहिली.

“म्हण ना! मरीन म्हणजे समुद्राचा. निळा. म्हण.”

“मरीन.”

“आता म्हण, मरून.”

“मरून.”

“मरून म्हणजे?”

मागून कुणीतरी बोललं, “मरून म्हणजे, मरून गेली!”

हॉल हसला. शेठसुद्धा हसले. अजिंक्यनी तिला दोन्ही शब्द दहा वेळा म्हणायला लावले, आळीपाळीनं, आणि दर वेळी ‘मरून’ आलं की हशा वाढत गेला. सातव्या की आठव्या वेळेला गायत्रीची मान सहज स्टेंटरच्या बाजूला वळली. तिथे पंडित उभे होते, हातमोजे काढून हातात धरलेले. सगळ्यांबरोबर तेही हसत होते.

ते चाळीस ताके परत जेटमध्ये घालून काळे केले. गायत्रीला लॅबमधून काढून फोल्डिंगला टाकलं. घड्या घालायच्या, ताके बांधायचे, चिठ्ठ्या लावायच्या. तिथल्या उषाबाई तिला गावाकडून ओळखत होत्या, त्यांनी पहिल्या दिवशी शेजारी जागा करून दिली आणि काही विचारलं नाही. पण बाकीच्यांनी नाव ठेवलं होतं. ‘ए मरून, दोरी दे.’ ‘मरून, चहा आला.’ जूनमध्ये कामाला लागलेल्या नव्या पोरींना तर तिचं खरं नाव काय हेच ठाऊक नव्हतं.

घरी ती वडिलांशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मंगलाबाई दोघांकडे बघत खडे चिकटवत बसायची. पंधरा दिवस असे गेले. एका रविवारी सकाळी पंडित कपडे वाळत घालणाऱ्या पोरीच्या मागे येऊन उभे राहिले.

“कसाले इतला राग धरस?”

गायत्री वळली. “तुम्ही हसले.”

“सगळा हसत व्हतात. मी एकटा तोंड पाडीसन उभा राहतू तं शेठनं पाह्यलं असतं.”

“पाहू द्यायचं होतं ना! बाकीचे लोक हसले, मला काही नाही वाटलं. तुम्ही हसले, बाबा.”

पंडित मागे फिरले. ते घरात गेले. भिंतीवरच्या फळीवरून त्यांनी आपली जुनी डब्याची पिशवी काढली, तिच्या तळाशी घडी करून ठेवलेलं एक कार्ड काढलं आणि पोरीच्या हातात दिलं. भाईदासच्या लॉटचं जॉब कार्ड. तिच्या अक्षरात ‘मरून’. खाली टाचलेला गडद लाल तुकडा. आणि तुकड्याला लागून अजिंक्यची सही, तारीख, ‘ओके’.

“कापडसंगे मन्हाकडे येल व्हतं,” पंडित म्हणाले. “त्या दिवशी साहेब कार्ड शोधत व्हता. मी सांगं, माले माहीत नही. फाडी टाकता त्यांनी.”

“मग त्याच वेळी का नाही दाखवलं?”

“हिंमत नही व्हयनी,” पंडित म्हणाले, आणि बाकावर बसून पायाच्या नखाकडे बघत राहिले. पन्नाशीचा माणूस, पण त्या घटकेला शाळेतल्या मुलासारखा दिसत होता. गायत्रीनं त्यांना माफ केलं की नाही, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी मात्र तिनं त्यांना चहा विचारला.

कार्ड हातात आल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, उद्याच शेठपुढे नेऊन टाकावं. मग ती विचार करायला लागली. अजिंक्य म्हणतील, घाईत सही केली, बघितलं नाही. शेठ म्हणतील, बरं, पुढे लक्ष ठेवा. संपलं. शिवाय कार्ड बाबांनी लपवलं हे बाहेर येईल, आणि नोकरी जाईल ती बाबांची.

पण ‘बघितलं नाही’ हे खोटं होतं. तिनं स्वतः पाहिलं होतं. खिडकीशी उभे राहून मिनिटभर बघत होते. मरीन मागवलेल्या माणसानं मिनिटभर मरून बघितला आणि सही केली? बरं, मरून मागवला असेल, तर मग मरून बघून सही केली, तेही ठीक. पण मग इतका वेळ कशाला बघायचं? लाल तो लाल. लहान पोरालाही कळतो.

ती गॅलरीत बसून कार्ड उलटंपालटं करत राहिली, आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. साहेब प्रत्येक शेड-कार्डाच्या मागे पेन्सिलीनं रंगाचं नाव लिहून ठेवायचे. संक्रांतीला उषाबाईंच्या हिरव्या चुड्याकडे बघून म्हणाले होते, ‘लाल बांगड्या शोभतात हो’, आणि उषाबाईंना वाटलं होतं, साहेब थट्टा करताहेत. एकदा गायत्री चार दिवस तापानं घरी होती, त्या चार दिवसांत तीन लॉट परत आले होते. आणि ते रोजचं, ‘गायत्री, बघ गं जरा. बरोबर आहे ना?’

तो मान नव्हता तर. साहेब तिचे डोळे वापरत होते.

गायत्री उठून उभी राहिली. तिला हसू आलं, मग तितकाच राग आला. तीन वर्षं त्या माणसाची नोकरी तिच्या डोळ्यांवर चालली होती. आणि त्याच माणसानं तिला सत्तर लोकांपुढे उभं करून म्हणायला लावलं होतं, मरून, मरून, मरून.

नुसत्या अंदाजावर तिला काही करायचं नव्हतं. खात्री करून घ्यायची होती. फोल्डिंगमधून रोज तुकडे सहीसाठी साहेबांकडे जायचे, चिठ्ठी लावून. जुलैमध्ये एकदा तिनं गडद हिरव्या तुकड्याला ‘मरून’ची चिठ्ठी लावली आणि मरूनला हिरव्याची. दोन्ही सही होऊन आले. तिनं चिठ्ठ्या जागच्या जागी परत लावल्या, कुणाचं काही बिघडू दिलं नाही. आठवड्यानं पुन्हा केलं. पुन्हा सह्या. तिसऱ्यांदा तिनं तुकडे बिनचिठ्ठीचे पाठवले, तर निरोप आला, ‘चिठ्ठ्या लावून पाठवा, असली हलगर्जी चालणार नाही.’

आता ती बोलू शकली असती. उषाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “जाऊन शेठला सांग की कानात. गुपचूप. तुझं काम होईल.”

“गुपचूप नाही,” गायत्री म्हणाली. “माझं गुपचूप झालं होतं का?”

“अगं, पण डोळ्यांचा दोष म्हणजे काय त्याचा गुन्हा आहे?”

“डोळ्यांचा नाही. जिभेचा आहे.”

उषाबाईंनी पुढचा ताका ओढला. नंतर दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही, पण अधूनमधून तिच्याकडे अशा बघायच्या, जशी एखादी बाई उकळत्या पातेल्याकडे बघते.

मधल्या काळात गायत्रीचं वागणं इतकं साधं झालं की अजिंक्यनाही वाटलं, पोरगी रुळली. एकदा तर ते जाता जाता म्हणाले, “दिवाळीनंतर बघू, तुला लॅबमध्ये परत घेता येतं का.” लॅबमधला नवा माणूस कच्चा होता. परत येणाऱ्या लॉटांची संख्या वाढली होती, साहेबांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. गायत्री म्हणाली, “बरं सर.” आणि घडी घालत राहिली. ‘मरून’ म्हणून हाक आली की ओ द्यायची. प्रत्येक हाकेला ती मनात एकच शब्द म्हणायची, थांबा.

दसरा आला. दसऱ्याला मिलमध्ये मशीनांची पूजा असते. सगळी मशीनं बंद, धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि सगळे कामगार घरच्या चांगल्या कपड्यात. शेठ सहकुटुंब येतात, मोठ्या व्यापाऱ्यांना बोलावतात, पूजा झाली की फाफडा-जलेबी. त्या वर्षी पाहुण्यांत भाईदासही होते. मेमधलं भांडण मिटलं होतं. त्यांनीच नवी मोठी ऑर्डर दिली होती, दोन रंगांची. अर्धी मरून, अर्धी गडद हिरवी. शेठच्या मनात होतं की त्याच लॉटचे दोन ताके पूजेत ठेवावेत, पहिला लाल, कारण लाल शुभ, आणि मग भाईदासच्या हाती द्यावेत.

ताके फोल्डिंगमधून आणायचे होते. गायत्रीनंच ते खांद्यावरून आणले, एक एक करून. येताना दोन्हीच्या चिठ्ठ्या काढून मुठीत घेतल्या. हिरवाही इतका गडद होता की सावलीत दोन्ही जवळजवळ काळपट दिसत. पण पूजेची चौकी दाराजवळ होती, भर उन्हात, आणि तिथे ज्याला डोळे होते त्याला चुकायची सोय नव्हती.

भटजींनी आरती उतरवली. शेठ म्हणाले, “अजिंक्यभाई, हवे मरूनवालो ताको मूको.” मरूनचा ताका चौकीवर ठेवा.

अजिंक्य पुढे आले. दोन ताके समोर. त्यांनी चिठ्ठी शोधली. एका टोकाला पाहिलं, दुसऱ्या टोकाला पाहिलं. मग नजर वर आली आणि गायत्रीला सापडली. ती तीन हातांवर उभी होती. ती नजर तिच्या ओळखीची होती, लॅबमध्ये रोज ज्या नजरेनं ते तिच्याकडे बघायचे तीच.

“गायत्री, तो मरून दे गं इकडे,” ते हसून म्हणाले.

गायत्री जागची हलली नाही. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “सर, माझं इंग्रजी कच्चं आहे. मरून कुठला, ते तुम्हीच दाखवा.”

कुणीतरी फिसकन हसलं. लोकांना वाटलं, पोरगी स्वतःचीच थट्टा करून घेतेय. अजिंक्यही हसले, पण त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. त्यांनी दोन्ही ताक्यांवरून हात फिरवला, जसं काही कापडाचा पोत बघताहेत. एक उचलला. चौकीवर ठेवला. हळदकुंकवाच्या शेजारी.

हिरवा.

हॉल पुन्हा हसला, मोठ्यानं. साहेबांनी गंमत केली असं सगळ्यांना वाटलं. फक्त शेठ हसले नाहीत. “अजिंक्यभाई,” ते हळू म्हणाले, “आ तो लीलो छे.” हा तर हिरवा आहे.

“हो, म्हणजे... घाईत...” अजिंक्यनी ताका उचलला आणि दुसरा ठेवायला वळले.

“थांबा सर,” गायत्री म्हणाली. ओढणीच्या टोकाला बांधलेले चार तुकडे तिनं सोडले आणि चौकीच्या कडेवर ओळीनं मांडले. “यातला लाल कुठला?”

“गायत्री, हे काय चाललंय?”

“काही नाही सर. शब्दाशब्दांतला फरक शिकायचाय. सांगा ना. लाल म्हणजे?”

हसणं आता थांबलं होतं. साठ-सत्तर माणसं, शेठची बायको, व्यापारी, भटजी, सगळे त्या चार तुकड्यांकडे बघत होते. चारातला एक लाल, एक तपकिरी, दोन हिरवे. अजिंक्य बघत राहिले. त्यांचा हात एकदा पुढे आला, मागे गेला. परत त्यांनी गायत्रीकडे पाहिलं, आणि या वेळी त्या नजरेत हुकूम नव्हता. तिला समजलं, ते विनवताहेत. नुसती भुवई हलवली असती, बोटानं खूण केली असती, तरी तो माणूस वाचला असता. कुणाला कळलंही नसतं.

तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

अजिंक्यनी तपकिरी तुकडा उचलला.

भाईदास पुढे झाले. व्यापारात उभी हयात गेलेला माणूस, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. “म्हणजे वैशाखात माझा माल...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गायत्रीनं कार्ड काढून शेठच्या हातात दिलं होतं. लाल तुकडा आणि त्याच्या शेजारी सही.

“हे यांनी उजेडात धरून बघितलं होतं,” ती म्हणाली. “मिनिटभर बघितलं आणि सही केली. मरून तेच म्हणाले होते. मी परत विचारलंही होतं.”

“कार्ड क्यांथी आव्युं?” शेठनी विचारलं. कुठून आलं?

गायत्रीनं ओठ आवळले. पण तेवढ्यात मागून आवाज आला, “मन्हाकडे व्हतं, शेठ.” पंडित गर्दीतून पुढे आले. त्यांना गुजराती चांगलं यायचं, हिंदीही यायचं, पण त्या वेळी तोंडातून अहिराणीच निघाली आणि त्यांनी ती बदलली नाही. “मी दडाडी ठेयेल व्हतं. माले जे करनं ते करा.”

शेठ बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग अजिंक्यकडे वळले. “तमने रंग नथी देखाता?”

अजिंक्यनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. “लाल आणि हिरवा,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “वेगळे दिसत नाहीत. आणि गडद लाल असला की काळाच दिसतो.”

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “मरून साहेब!” आणि हॉल पुन्हा हसला. दबलेला, मग न दबलेला. गायत्रीनं तो हशा कान देऊन ऐकला. शेवटपर्यंत ऐकला. अजिंक्य दाराबाहेर पडले, मोटरसायकल चालू होण्याचा आवाज आला, तरी तो चाललाच होता. मग जलेबीची ताटं फिरली. गायत्रीनं दोन जलेब्या खाल्ल्या. कितीतरी महिन्यांनी तिला गोड लागलं.

पंडितांना शेठनी आठ दिवस घरी बसवलं आणि नवव्या दिवशी परत बोलावलं, कारण जुन्या स्टेंटरचा स्वभाव फक्त त्यांना माहीत होता. गायत्री लॅबमध्ये परत आली. तिच्या मागे लागलेलं नाव हळूहळू गेलं. पोरी तिला ‘बेन’ म्हणायला लागल्या. त्यातल्या काहींचा सूर थोडा भीतीचा होता. उषाबाई पूर्वीसारख्याच बोलायच्या, फक्त डबा खाताना आता समोर बसायच्या, शेजारी नाही. गायत्रीच्या ते लक्षात आलं. तिनं त्यावर काही केलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी ती ऑफिसात रंगांच्या मागणीचा कागद द्यायला गेली, तर बाहेरच्या बाकावर अजिंक्य बसले होते. अनुभवाच्या दाखल्यासाठी आले होते. शेठ आत कुणाशी बोलत होते, त्यांना थांबायला सांगितलं होतं. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. गायत्री पुढे निघाली, पण ते म्हणाले, “एक मिनिट.”

ती थांबली.

“तुला कधी कळलं?”

“आषाढात.”

“म्हणजे तीन महिने तुला माहीत होतं. बारावीपासून लपवत आलो. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी मिलमधल्याच कुणीतरी तिला फोन केला. आता मुलीचे डोळे तपासून आणलेत आम्ही, तिचे बरे आहेत.”

“फोन मी केला नाही.”

“माहीत आहे. तुला फोनची गरज नव्हती.” त्यांनी मान वर केली. “मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस, तर मी स्वतः सोडून गेलो असतो. शपथेवर सांगतो.”

“मला तुम्ही बाजूला घेतलं होतं?”

आतून शेठच्या फोनवरच्या हसण्याचा आवाज येत होता.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “मी खरंच मरून म्हणालो होतो का गं? इतक्या वेळा मरीन मरीन सांगितलं सगळ्यांना, की आता मलाच नक्की आठवत नाही.”

“मरूनच म्हणालात. भाईदासकाका फोनवर मरीन म्हणाले असतील. जेट चालू होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही. एवढंच झालं होतं.”

“एवढंच,” ते म्हणाले.

एवढंच त्या वेळी हॉलमध्ये बोलले असते तर काय झालं असतं? शेठ दोन शब्द रागावले असते, कापड काळं करून विकलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात येऊन ते म्हणाले असते, गायत्री, बघ गं जरा. हे दोघांच्याही मनात आलं असावं.

“माफी मागायला हवी मी,” अजिंक्य शेवटी म्हणाले, “पण आता मागितली तर दाखल्यासाठी मागतोय असं वाटेल.”

“नका मागू मग.”

“एक सांग. त्या दिवशी बरं वाटलं तुला?”

गायत्रीनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जिभेवर सोपं उत्तर होतं. तिनं विचार केला.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

“आणि आता?”

“आता पहिल्याइतकं नाही. पण वाटतं.”

त्यांनी मान हलवली, जसं काही हिशोबातला आकडा बरोबर आला होता. आतून हाक आली. ते उठले, शर्ट खोचून नीट केला आणि ऑफिसात गेले. गायत्री कागद टेबलावर ठेवून जिना उतरली. खाली एक नंबरच्या जेटचं झाकण उघडलं होतं, वाफ छपरापर्यंत गेली होती, आणि मशीनवाला ‘गायत्रीबेन, गायत्रीबेन’ म्हणून तिला शोधत होता.